मॉन्ट्रियलच्या थंडीत लेकीचं स्वयंपाकघर: ठाण्याहून काय पाठवू?

पाचपाखाडीची आई:
लेक ऑगस्टमध्ये शिकायला मॉन्ट्रियलला गेली. बर्फ पडायला लागल्यापासून मात्र तिचं काही खरं नाही. आमच्याकडे रात्रीचे साडेआठ म्हणजे तिकडे सकाळचे दहा, तेव्हा फोन होतो. इडलीचं पीठ आंबतच नाही म्हणते. दही लागत नाही. फोडणी घातली की छतावरचा धुराचा अलार्म वाजतो आणि खोलीतली दुसरी मुलगी घाबरून उठते. ओठ फाटलेत, मध्ये नाकातून रक्तही आलं. सव्वाचार-साडेचारला अंधार, मग ब्रेड नाहीतर मॅगी.

ओळखीचे एकजण जानेवारीच्या सुरुवातीला तिकडे जाताहेत, थोडं सामान नेतील. मिक्सर द्यावा असं मनात आहे. शिवाय गोडा मसाला, भाजणी, मेतकूट आणि बाजरीचं पीठ. भोगीची भाकरी तिने आजवर कधी चुकवलेली नाही. तिथे राहिलेल्यांनी सांगा, काय देऊ, काय नको?

नेरुळ सीवूड्स:
ताई, मिक्सर अजिबात देऊ नका. आपली वीज 230 व्होल्ट, तिकडची 120. तो नीट फिरणारच नाही. तिथेच एखादा ब्लेंडर घेऊ दे. त्यापेक्षा फुलक्याची जाळी द्या, वजनाला काहीच नाही. बहुतेक घरांत गॅस नसतो, विजेची शेगडी असते. जाळी असली की फुलका तव्यावरून काढून तिच्यावर फुगवता येतो.

आता इडलीचं पीठ. ते ओव्हनमध्ये ठेवायचं, पण ओव्हन सुरू करायचा नाही, फक्त आतला दिवा लावायचा. जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब असेल तर दार बंद ठेवल्यावर आत छान ऊब धरते. बल्ब एलईडी असेल तर उकळत्या पाण्याचं पातेलं शेजारी ठेवायचं आणि गार झालं की बदलायचं. डाळ भिजवताना चमचाभर मेथी, वाटताना कोमट पाणी. मग हाताने चांगलं फेटून झाकायचं. ठाण्यात रात्रीत फुगतं म्हणून तिथेही सकाळी फुगेल असं नाही. बारा तास, कधी अठराही लागतात. वर बुडबुडे आले, पीठ हलकं झालं आणि आंबूस वास सुटला की झालं, घड्याळ बघायचं नाही. ओव्हनच्या दारावर चिठ्ठी लावायला सांगा, नाहीतर दुसरी मुलगी पिझ्झा करायला ओव्हन पेटवेल. दहीही तिथेच लावायचं. दूध करंगळीला सोसेल इतकं गरम हवं, विरजण नीट ढवळायचं आणि लागेपर्यंत भांडं हलवायचं नाही.

फोडणीसाठी छोटं कढलं द्या. तेल धुरावू द्यायचं नाही, वरचा पंखा आधी लावायचा, खिडकी बोटभर उघडायची. तिखट तेलात न घालता भाजीत घालायचं, खाट कमी उठतो. थोडी जास्त फोडणी एकदाच करून बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवली की आठवडा निघतो. अलार्म काढून ठेवायचा नाही, हे बजावून सांगा.

कोपरीकर, सध्या मॉन्ट्रियल:
काकू, नाकाचं कारण घरातला हीटर. बाहेरची हवा थंड आणि कोरडी, ती आत येऊन तापली की आणखी कोरडी होते. खोलीत ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) हवा, झोपताना ओठांना आणि नाकपुड्यांच्या कडेला वॅसलीन. रक्त वारंवार येत असेल तर विद्यापीठाच्या दवाखान्यात दाखवायचं, अंगावर काढायचं नाही.

स्वेटर किंवा सुती बनियन पाठवू नका. सुती बनियन घामाने ओलं राहतं आणि मग जास्त थंडी वाजते. थर्मल, बूट आणि कोट इथेच घ्यावेत. रस्त्यावर मीठ टाकतात, त्याचे पांढरे डाग बुटांवर पडतात. ते पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले की जातात.

डाळी, तांदूळ, फ्रोझन ओलं खोबरं यासाठी तिने पार्क-एक्सटेन्शनला जावं. जाँ-तालाँ रस्त्यावर आपल्या वाणसामानाची दुकानं आहेत. मेट्रो पूर्ण जमिनीखालून जाते, त्यामुळे बर्फातही जाणं जमतं. अंधार पडल्यावर कंटाळा येतो हे खरं आहे, मलाही पहिल्या हिवाळ्यात फार जड गेलं. तिला सांगा, वर्ग नसेल तेव्हा दुपारी थोडं उन्हात चालून यायचं आणि रविवारी डाळ-भाजी जास्त करून फ्रीझरमध्ये ठेवायची. संध्याकाळी फक्त भात लावायचा.

पाचपाखाडीची आई:
दोघांचे मनापासून आभार. मिक्सर रद्द. जाळी आणि कढलं उद्याच आणते. बाजरीचं पीठ मात्र द्यायचंच आहे. जांभळी नाक्यावरून बाजरी घेऊन गिरणीत दळून आणली तर टिकेल का?

नेरुळ सीवूड्स:
द्या ना! फक्त निघायच्या आदल्या दिवशी दळा, बाजरीचं पीठ लवकर कडू होतं. पोचल्याबरोबर तिने घट्ट बांधून फ्रीझरमध्ये टाकावं, म्हणजे भोगीला भाकरी गोड लागेल. भाकरी थापताना पाणी कढत घ्यावं, नाहीतर कडा फाटतात. सोबत तीळ द्या. आणि नेणाऱ्यांना सांगून ठेवा, खाण्याचं जे काही बॅगेत आहे ते विमानतळावर कस्टमला जाहीर करायचं. पुड्यांवर आत काय आहे ते इंग्रजीत लिहा.