शेड, स्कार्फ आणि कुरळे केस

कुणीतरी विचारलंय ना की सावळ्या रंगाला फाउंडेशनची शेड कशी निवडायची, तर दुकानातल्या लाइटमध्ये मनगटावर लावून अजिबात ठरवू नका, जबड्याच्या कडेला लावायचं आणि सरळ लक्ष्मी रोडवर बाहेर येऊन उजेडात आरशात बघायचं, थोडा वेळ थांबायचं पण, कारण बऱ्याच शेड लावल्यावर गडद होतात. आणि प्लीज गोरं दिसायला फिकी शेड घेऊ नका, चेहरा राखाडी दिसतो, आपला इतका छान रंग झाकला जातो, खरंच वाईट वाटतं बघून.

सनस्क्रीन हवंच, किमान एसपीएफ ३० (म्हणजे उन्हापासून किती बचाव होतो त्याचा बाटलीवरचा आकडा). पुण्यात आपण गाडीवर स्कार्फ गुंडाळतो पण तो घामाने ओला होऊन गालावर घासत राहतो, त्यानेही पुळ्या येतात, त्यामुळे मऊ सुती घ्या आणि रोज धुवा.

ज्या ताईंनी कुरळ्या केसांच्या कटबद्दल लिहिलंय त्यांना, पार्लरमध्ये केस आधी कोरडे असताना दाखवा, ओले लांब दिसतात आणि वाळले की चांगलेच वर चढतात, म्हणून खांद्यापर्यंत हवे असतील तर जरा लांबच ठेवायला सांगा.