माडावर दोन तऱ्हेचे भुंगे, औषध एकच चालेल का?

गुहागरची वाडी:
घरामागे 22 माड आहेत. दोघांच्या नव्या झावळ्या कात्रीने त्रिकोण कापल्यासारख्या उलगडतायत. तिसऱ्याच्या खोडाला कमरेएवढ्या उंचीवर भोक पडलंय, तांबूस चिकट पाणी गळतंय, चघळलेला भुसा बाहेर येतोय. दुकानात दोन्हींसाठी एकच बाटली दिली. महिना झाला, फरक नाही. सासऱ्यांनी 12 वर्षांपूर्वी लावलेले माड आहेत हो, बघवत नाही.

माडवाला, रत्नागिरी:
ताई, हे दोन वेगळे भुंगे, आणि त्यांच्या अळ्यांची घरं तर अगदीच वेगळी. झावळ्या कापतो तो गेंड्या: काळा, डोक्यावर शिंग. तो शेंड्यात नुसता खायला येतो. अंडी गायरीत, म्हणजे शेणखताच्या खड्ड्यात, नाहीतर कुजलेल्या ओंडक्यात. म्हणून वर कितीही फवारलंत तरी पुढची पिढी खाली शेणात वाढतच राहते. आधी गायरी उपसा, अळ्या वेचा, मग खतात अळ्या मारणारी मेटारायझियम बुरशी मिसळा. शेंड्यातला भुंगा पाडेलीकडून, म्हणजे माडावर चढणाऱ्याकडून, तारेच्या आकड्याने ओढून काढा आणि वरच्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत निंबोळी पेंड नि वाळू समसमान भरा.

तिसऱ्या माडात सोंड्या आहे, सोंडेचा भुंगा. अंडं, अळी, कोष, सगळं खोडाच्या आतच. अळीला पायसुद्धा नसतात. तिथे गायरी उपसून काही होणार नाही. रात्री खोडाला कान लावून बघा, अळ्या आत कुरतडताना ऐकू येतात. आणि उशीर करू नका, भाट्याच्या प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रात फोटो दाखवा. औषध कोणतं, किती, ते तिथूनच घ्या.

मालवणची काकी:
एक राहिलं. सोंड्या जखमेच्या वासावर येतो, गेंड्याने पोखरलेली जागाही त्याला पुरते. हिरवी झावळ खोडालगत तोडू देऊ नकोस, मीटरभर देठ ठेव. कामगंध सापळा (वासाने भुंगे ओढणारा) घेशील तर कुठल्या भुंग्याचा ते विचारून घे, दोघांच्या वासाच्या गोळ्या वेगळ्या.

गुहागरची वाडी:
काल गायरी उपसली. अंगठ्याएवढ्या जाड, विळ्यासारख्या वाकलेल्या, पांढऱ्या अळ्या, पुढे सहा पाय. घमेलंभर निघाल्या, कोंबड्यांनी संपवल्या. रात्री तिसऱ्या माडाला कान लावला. आत करकर चालू होती, थांबून थांबून. काकी, गेल्या पावसाळ्याआधी त्याच माडाच्या झावळ्या आम्ही खोडालगत तोडून घेतल्या होत्या. उद्या सकाळी तवसाळहून फेरीने जयगडला उतरून भाट्याला जाते.