अनुभव धागा: संगणकावरची रात्र आणि दुसऱ्याची नजर

मंडळी, संगणकावर त्रिमितीय निसर्गचित्रं करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी एकदा तरी रात्र करून पाहिलेली असते. डोंगर, पाणी, चंद्र, थोडं धुकं. आणि बहुतेकांची पहिली रात्र एकतर निळी दुपार होते, नाहीतर काळा चौकोन. मला ऐकायचं आहे ते त्यानंतरच्या आवृत्त्यांबद्दल. चित्र कुणाला दाखवलंत, त्यांनी काय म्हटलं, तुम्ही काय बदललंत आणि काय मुद्दाम तसंच ठेवलंत? 'सुंदर' म्हणणाऱ्यांचे आभार मानूच, पण ज्या एका वाक्याने चित्र जागचं हललं ते वाक्य लिहा.

माझ्यापासून सुरू करतो. तळं, पलीकडे उंच डोंगर, काठावर एक घर आणि डोंगराच्या खांद्यावर पूर्ण चंद्र, असं दृश्य मी ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये केलं होतं. घराच्या छपरावर चार दिवस घालवले होते. ज्या मित्राला दाखवलं त्याने छपराकडे पाहिलंही नाही. तो म्हणाला, "चंद्र फार जवळ आलाय. त्याच्यामुळे डोंगर खेळण्यातला वाटतोय."

मी हिशेब करायला बसलो. आकाशात चंद्राचं बिंब साधारण अर्धा अंश भरतं. माझा कॅमेरा ५० मिलिमीटर लेन्सचा, ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरचा, म्हणजे आडवा जवळजवळ ४० अंशांचा पट्टा पाहणारा. चित्राच्या रुंदीत असे ऐंशीएक चंद्र मावायला हवेत. १९२० पिक्सेलच्या चित्रात चंद्र भरतो सुमारे २४ पिक्सेल. माझा होता २६०. चोवीसचा करून पाहिला तर एक ठिपका उरला आणि वाईट वाटलं. पण त्याच क्षणी मागचा डोंगर खरोखर डोंगराएवढा झाला, तो फरक आजही डोळ्यांसमोर आहे.

मोठा चंद्र हवाच असेल तर लांब लेन्स घ्यावी लागते. २०० मिलिमीटरला दहा अंशच दिसतात, तिथे चंद्र शंभरेक पिक्सेलचा होतो, पण मग डोंगरही तितकाच दूरचा आणि जवळ ओढून घेतल्यासारखा मांडावा लागतो. मी शेवटी चंद्र चौकटीबाहेर नेला आणि पाण्यावरचा त्याचा उजेड तेवढा ठेवला. मित्राने चंद्र काढ असं सांगितलं नव्हतं. त्याला काय खटकलं एवढंच त्याने सांगितलं, आणि त्यामुळेच मला पुढचं सुचलं असं मी मानतो.

आता तुम्ही लिहा.

*

माझी गोष्ट अंधाराची. मी रात्री खोलीतले दिवे मालवून काम करते, मॉनिटरचा उजेड पूर्ण वाढवलेला असतो. त्या खोलीत माझा उतार गवतासकट, दगडांसकट स्वच्छ दिसत होता. मैत्रिणीने तो दुपारी मोबाइलवर पाहिला आणि विचारलं, "डावीकडे काही आहे का?" डावीकडे माझी तीन आठवड्यांची मेहनत होती.

मी चिडले नाही, पण तिच्याकडे एक मागणी केली: "तुला जे जे दिसतंय ते त्याच चित्रावर बोटाने रेघ मारून दाखव." तिने पाठवलेल्या चित्रात तीनच रेघा होत्या. डोंगराची कड, खिडकीचा चौकोन आणि पाण्यावरची एक चमक. त्याहून उपयोगी अभिप्राय मला आजवर कुणी दिलेला नाही. पिक्सेलच्या उजेडाचे आकडे तपासले तर ० (काळा) ते २५५ (पांढरा) यांपैकी ३ ते १४ एवढ्याच पायऱ्यांमध्ये माझा अख्खा उतार कोंबलेला होता.

पहिला उपाय सगळेच करतात तो केला, एक्स्पोजर, म्हणजे अख्ख्या चित्राचा उजेड, वाढवलं. रात्र गेली आणि ढगाळ सकाळ आली. मग उतार काळाच ठेवला आणि त्याच्या मागे, दरीत, पातळ धुकं भरून त्यावर चंद्राचा उजेड पाडला. गवताची वरची कड तेवढी उजळ धुक्यासमोर उठून आली, बाकी अंधारात राहिली. गवत आहे हे कळायला कड पुरते.

तेव्हापासून मॉनिटरच्या मागे एक मंद दिवा असतो, मॉनिटरचा उजेड निम्म्यावर असतो आणि दाखवण्याआधी चित्र अंगठ्याएवढं करून, रंग काढून मी स्वतः एकदा बघते.

*

मी पदार्थविज्ञान शिकवत असे, निवृत्तीनंतर हे शिकलो. वर एक्स्पोजरचा उल्लेख आला आहे, त्यावरून माझा हट्ट सांगतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या सुमारे चार लाख पट मंद. मी दिव्याची ताकद बरोबर तेवढी कमी केली. अर्थातच काही दिसेना, म्हणून एक्स्पोजर वाढवत गेलो. चार लाख पट म्हणजे साधारण साडेअठरा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). तेवढं वाढवल्यावर समोर आली ती दुपार, तीच सावली, तेच निळं आकाश. खऱ्या कॅमेऱ्यातही असंच होतं. पौर्णिमेला पुरेसा वेळ शटर उघडं ठेवलं तर आकाश दिवसासारखं निळं येतं, फक्त त्यात तारे असतात.

मग रंगावर अडलो. चांदणं म्हणजे चंद्राच्या पृष्ठभागावरून परतलेला सूर्यप्रकाश, आणि ते सूर्यप्रकाशापेक्षा किंचित तांबूसच असतं. निळं अजिबात नाही. मी उजेडाला तोच रंग दिला आणि सोबत शिकणाऱ्या मुलांना दाखवलं. ती म्हणाली, "सर, बरोबर असेल, पण रात्र वाटत नाही." दोन आठवडे मी त्यांच्याशी वाद घातला.

त्यांचं म्हणणं योग्य होतं, आणि त्याचं कारण मी वर्गात शिकवत आलो होतो. मंद उजेडात डोळ्यातल्या शंकुपेशी मागे पडतात आणि दंडपेशी काम करू लागतात. दंडपेशींना रंगांतला भेद कळत नाही. त्यांची संवेदना ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, निळसर हिरव्याकडे सर्वाधिक असते, तर उजेडातल्या डोळ्याची ५५५ला. म्हणून संधिप्रकाशात लाल फूल आधी काळं पडतं आणि पानं त्या मानाने उजळ राहतात. पुर्किंजे या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत हे टिपलं, त्याच्याच नावाने हा परिणाम ओळखला जातो. आता गंमत बघा, पडद्यावरचं चित्र आपण शंकुपेशींनी पाहतो. दंडपेशींचं काम चित्रकारालाच करून द्यावं लागतं. मी लाल रंग जवळजवळ काळे केले, बाकी रंगांचा भडकपणा उतरवला, निळ्या-हिरव्याकडे अगदी थोडं झुकवलं आणि बारीक तपशील जरा मऊ केला, कारण चांदण्यात आपल्याला बारीक काही दिसतच नाही. मुलांनी एका नजरेत मान्य केलं.

*

तीन ओळीच लिहिते. माझ्या चंद्रकोरीच्या पोटात एक तारा चमकत होता. कोरीचा काळा भाग म्हणजे चंद्रच, त्याच्या आरपार तारा दिसणार कसा? नऊ वर्षांच्या भाचीने दाखवून दिलं. तिनेच पुढे विचारलं, "मावशी, सगळे तारे सारखेच का गं?"

तिचा दुसरा प्रश्न जास्त मोलाचा ठरला, म्हणून तीन ओळींवर थांबता येत नाही. मी एकाच जाडीचे ठिपके सगळीकडे सारखे शिंपडले होते. नुसत्या डोळ्यांना अख्ख्या खगोलावर सहाएक हजार तारे दिसू शकतात, एका वेळी क्षितिजाच्या वर त्यातले निम्मेच, आणि तेही निबिड अंधारात. त्यांत ठळक मोजके आणि अंधुक अमाप. मी तीन थर केले: हाताच्या बोटांवर मोजण्याइतके तेजस्वी, त्यांच्या अनेक पट मध्यम आणि बाकी धूळ. क्षितिजाजवळ हवेचा जाड थर असतो, म्हणून तिथले जवळपास पुसले. कोरीची उजळ बाजू क्षितिजाखाली गेलेल्या सूर्याकडे वळवली. आकाश लगेच खोल वाटू लागलं.

*

धुक्याच्या बाबतीत सावध करतो. पृष्ठभागाऐवजी आकारमानात पसरलेला उजेड मोजायला संगणकाला फार नमुने (प्रत्येक पिक्सेलसाठी प्रकाशाचे पुन्हा पुन्हा केलेले हिशेब) लागतात, आणि रात्री उजेडच कमी, त्यामुळे चित्रात खडबडीत दाणे येतात. मी नमुने कमी ठेवले आणि दाणे पुसायचं काम डीनॉइझरवर सोपवलं. एका अनुभवी बाईंनी पाहून एवढंच विचारलं, "हे गवत मेणाचं आहे का?" डीनॉइझरला गवताची पाती आणि दाणे यांतला फरक अंधारात कळला नव्हता, त्याने दोन्ही सारखेच चोळले होते.

मी धुकं आणि जमीन वेगवेगळे रेंडर केले, म्हणजे संगणकाकडून त्यांची चित्रं वेगवेगळी काढून घेतली. धुकं मुळातच मऊ, त्याचे दाणे पुसले तर काही बिघडत नाही. जमिनीला नमुने चौपट दिले आणि उरलेले थोडे दाणे तसेच राहू दिले.

त्याच बाईंनी आकाशात पायऱ्या दिसतात हेही दाखवलं. क्षितिजापासून वर गडद होत जाणारा रंग पट्ट्यापट्ट्यांत तुटला होता. आठ बिटच्या चित्रात एका रंगाच्या २५६च पायऱ्या, त्यातल्या अंधाराच्या वाट्याला थोड्याच, आणि त्या अख्ख्या आकाशभर ताणलेल्या. आता मूळ चित्र ओपनईएक्सआर या कितीतरी जास्त पायऱ्या साठवणाऱ्या फाइलप्रकारात साठवतो आणि शेवटी आठ बिटांत उतरवताना डिदर चालू ठेवतो. अगदी बारीक गोंगाट मिसळला की पट्टे दिसेनासे होतात.

*

मला सल्ल्यांनी बुडवलं होतं, ते लिहिते. पाच जणांना चित्र दाखवलं. एक म्हणाला तळ्यात होडी टाक. दुसरी म्हणाली काठावर हरीण हवं. तिसऱ्याला पायवाट उजळ हवी होती, चौथ्याला दगड, पाचवीला काजवे. मी माणसांना नाराज न करणारी मुलगी आहे. सगळं टाकलं. अकराव्या आवृत्तीत हरीण, होडी, काजवे, सगळं नांदत होतं आणि पहिल्या चित्रात जी शांतता होती ती कुठेच नव्हती. त्या रात्री मला खरंच रडू आलं.

काही दिवसांनी पाचही सूचना एका कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकाने बदल नेमका कुठे सुचवला होता तिथे चित्रावर फुली मारली. पाचही फुल्या खालच्या डाव्या कोपऱ्यात पडल्या. पाचही जणांना एकच जागा टोचत होती! उपाय मात्र प्रत्येकाने आपापल्या आवडीचा सांगितला होता. त्या कोपऱ्यात नुसतं सपाट पाणी होतं, चित्राचा जवळजवळ एक तृतीयांश भाग, आणि नजर तिथे जाऊन रिकामीच परत येत होती. मी तिसरी आवृत्ती उघडली, कॅमेरा थोडा उजवीकडे वळवला, खाली आणला आणि तो कोपरा चौकटीबाहेर गेला. काहीही न टाकता. पाचही जणांना पुन्हा दाखवलं, तेव्हा होडीची आठवण कुणालाच झाली नाही.

आता मी चित्राबरोबर प्रश्नही देते. "कसं वाटलं?" असं विचारत नाही. "आधी कुठे पाहिलंत आणि मग कुठे?" असं विचारते.

*

अभिप्राय देणाऱ्याच्या बाजूनेही कुणीतरी लिहायला हवं. एका नवशिक्या मुलाने मला त्याची रात्र पाठवली. मी उत्साहात त्यावर रंग चढवून, धुकं भरून, चंद्र हलवून तासाभरात परत पाठवली. माझी आवृत्ती उजवी होती, यात शंका नाही. त्याने आभार मानले आणि ते चित्र पुन्हा कधी उघडलं नाही. पुष्कळ दिवसांनी म्हणाला, "ते माझं राहिलंच नव्हतं." त्याचं मला आजही वाईट वाटतं. हल्ली मी कुणाच्या चित्राला हात लावत नाही. दिसलं ते शब्दांत लिहितो, आणि त्यातलं काय टिकवावं ते आधी लिहितो.

*

सगळे अनुभव वाचले. चंद्राबद्दल एक गोष्ट जोडते. आर्खिप कुइंजी या चित्रकाराने १८८० साली सेंट पीटर्सबर्गमध्ये नीपर नदीवरच्या चांदण्या रात्रीचं एकच चित्र, अंधारलेल्या दालनात, दिव्याच्या उजेडात मांडलं होतं. मागे दिवा लपवलाय की काय, असा संशय बघणाऱ्यांना आला, असं सांगतात. चंद्र उजळ दिसला तो भोवतीचा एवढा मोठा काळोख राखल्यामुळे. माझ्या चित्रात घराच्या खिडकीतला दिवा नेहमी पांढरा पडायचा, तेव्हा हे आठवलं. मी दिव्याची ताकद निम्म्याहून कमी केली, भिंत आणखी काळी केली आणि ब्लेंडरमधलं रंगरूपांतर, म्हणजे मोजलेला उजेड पडद्याच्या रंगांत उतरवण्याची पद्धत, स्टँडर्डवरून एजीएक्सवर नेलं. खिडकी पिवळी राहिली आणि तरी पेटल्यासारखी दिसली.

हे बहिणीला दाखवलं. ती चित्रं करत नाही. बराच वेळ बघून तिने विचारलं, "एवढ्या रात्री घरात कोण जागं आहे?"

मला उत्तर माहीत नव्हतं. दोन महिने मी त्या खिडकीचा रंग सुधारत होते आणि आत कुणाला बसवलंच नव्हतं. तिचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग वाटलं, कुणीतरी अजून परत यायचं आहे. त्यामुळे बरंच काही बदललं. पायवाट घरापासून पाण्याकडे जात होती, ती काठावरच्या धक्क्याला जोडली. धक्क्याला बांधलेली होडी काढली, तिचा दोर तेवढा ठेवला. खिडकी बंद केली आणि दार थोडं उघडलं.

काल रात्री रेंडर लावून झोपले. सकाळी पाहिलं तर दारातून निघालेली उजेडाची चिंचोळी पट्टी पायऱ्या उतरून धक्क्याच्या पहिल्या फळीपर्यंत आली आहे. बहिणीला अजून दाखवलेलं नाही. संध्याकाळी ती येणार आहे.