मदत हवी: पहिलं एअर पिस्तूल, ग्रिप (मूठ) एस मापाची घ्यावी की एम?

मुठाकाठ:
मुलगी तेरा वर्षांची, उजव्या हाताने मारते, प्रकार १० मीटर एअर पिस्तूल. आतापर्यंत क्लबचं वापरते, त्याची ग्रिप एम आहे. आता स्वतःचं घ्यायचंय. दुकानदार म्हणतो एमच घ्या, हात वाढेल. मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात १६ सेंमी भरतो. आणि पूर्ण लांबीचं मॉडेल घ्यावं की शॉर्ट?

दहा_पॉइंट_नऊ:
एम नको. ग्रिप म्हणजे वाढत्या मापाचा शाळेचा गणवेश नव्हे. ती सुटी येते, स्क्रू काढून बदलता येते. आज एस लावा, दोन वर्षांनी त्याच पिस्तुलाला एम. पूर्ण पिस्तूल थोडंच बदलायचंय!

मोठ्या ग्रिपवर होतं असं की बोट ट्रिगरपर्यंत पोचत नाही, म्हणून मूल नकळत पंजा ग्रिपभोवती फिरवून घेतं. मग नळी आणि कोपरापासूनचा हात एका रेषेत राहत नाहीत, ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक येतं आणि ते सरळ मागे न ओढता बाजूला ढकलतं. उजव्या हाताच्या नेमबाजाचे शॉट डावीकडे जायला लागतात. कोच ‘ट्रिगर सुधार’ म्हणत बसतात, दोष असतो ग्रिपच्या लाकडात.

आता बसवून बघायचं कसं. अंगठा आणि तर्जनीमधली खोबण ग्रिपच्या मागच्या कडेखाली जाईल तितकी वर घ्या. मधलं आणि अनामिका ही दोन बोटं सरळ मागे दाबतील, त्यांची टोकं तळव्यात रुतता कामा नयेत. रुतली तर ग्रिप लहान. तर्जनी ग्रिपच्या लाकडाला कुठेही घासू नये. ट्रिगरवर पहिल्या पेराचा मधला भाग यावा. एवढं जमल्यावरच ट्रिगरची पट्टी पुढे-मागे सरकवा. उलट क्रमाने केलंत तर चुकीची पकडच पक्की होते.

मग डोळे मिटून चाचणी. रेंजवर, फायरिंग पॉइंटवर, रिकामं पिस्तूल, नळी टार्गेटच्या दिशेला. डोळे मिटून हात उचलायचा, स्थिरावला की उघडायचे. फोरसाइट (नळीच्या टोकाकडचा नेमाचा खुंट) मागच्या खाचेत मधोमध हवा, दोन्ही बाजूंना सारखा उजेड. पाच-सहा वेळा करा. दरवेळी एकाच बाजूला जात असेल तर मनगटाने सुधारू नका, ग्रिपचा कोन बदला. फोरसाइट खाली बुडत असेल तर ग्रिपचा पुढे-मागे कल बदला. बऱ्याच मॉडेल्सवर ती सोय असते.

सांगलीकर:
एक भर. एका कंपनीचा एस दुसरीच्या एसएवढा नसतो. कागदावर पंजा ठेवून बाहेरची रेघ काढा आणि त्या त्या कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. १६ सेंमीला काहींचा एक्सएससुद्धा बसेल.

लांबीबद्दल: पूर्ण लांबीची पिस्तुलं साधारण एक किलोची (नियमाची मर्यादा १५०० ग्रॅम). शॉर्टमध्ये वजन थोडंच उतरतं, पण नळी आणि सिलेंडर (दाबलेल्या हवेची नळकांडी) आखूड असल्याने भार हाताजवळ येतो, मनगटाला तेच महत्त्वाचं. तोटा असा की दोन साइट्समधलं अंतर कमी, त्यामुळे बारीक चूक डोळ्याला उशिरा दिसते. शिवाय एका भरणीत शॉट कमी. निर्णय हातावर सोडा: उचलून दहा सेकंद धरायचं, खाली, थोडी विश्रांती, असं दहा वेळा. शेवटच्या दोन-तीन वेळी खांदा वर चढला किंवा कंबर मागे झुकली तर शॉर्ट घ्या.

मुठाकाठ:
धन्यवाद दोघांनाही. ग्रिपच्या तळाशी तळहाताला खालून टेकणाऱ्या आधाराचं काय? ती म्हणते घट्ट असला की बरं वाटतं.

दहा_पॉइंट_नऊ:
पाच मिनिटं बरं वाटतं! मॅच ६० शॉटची, सव्वा तासाची, त्याआधी १५ मिनिटं तयारी आणि सायटिंगची (न मोजल्या जाणाऱ्या सरावाच्या शॉटची). आपल्या उकाड्यात हात थोडा फुगतो, मग तोच आधार रक्त अडवतो आणि बोटं बधिर होतात. आधार नुसता टेकावा. हात धरलेला असताना खालून कागद किंचित अडत सरकला की बस्स.

पोकळी राहिली तर वुड पुट्टी लावा, पण एका वेळी दोन-तीन मिलिमीटरच. हाताला व्हॅसलिन लावून नेहमीसारखं धरा, ठसा उमटू द्या, पूर्ण वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने उतरवा. लाकूड कापण्याआधी दहादा विचार करा, पुट्टी काढता येते. आणि नियम सांभाळा: ग्रिपने हाताला वेढा घालायचा नाही, आधाराचा कोन ९० अंशांपेक्षा कमी नको, पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. पुट्टीचे थर चढवताना ५० मिमीची रुंदी पहिली हातची जाते.

सांगलीकर:
सेकंडहँड बघत असाल तर ग्रिपच्या आधी सिलेंडरवरची तारीख वाचा. बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत देतात. मुदत संपलेला सिलेंडर स्पर्धेत चालत नाही, आणि नवा घ्यायचा तर किमतीतून तेवढे पैसे कापून मागा.