बाप्तिस्म्याआधी मरण आले, तर तारण होत नाही का?

गिरणाकाठ (पाचोरा तालुका):
माझे मामा सुमारे दहा वर्षे दर रविवारी मंडळीत येत असत आणि प्रभूवरील आपला विश्वास गावात उघडपणे सांगत असत. मार्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा मागितला, परंतु गिरणेला बुडी मारण्याइतके पाणी नसल्याने तो पावसाळ्यानंतर द्यावा असे ठरले, आणि मे महिन्यात मामा गेले. अंत्यविधीच्या दिवशी मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी मामींसमोरच म्हटले की, त्यांच्या तारणाची खात्री देता येत नाही. मामी तेव्हापासून एकच विचारतात, "नदीले पानी नही व्हतं, त्याम्हा त्यासना काय दोस?" त्यांनाही बाप्तिस्मा घ्यायचा होता, आता त्या म्हणतात की, जेथे मामा नाहीत तेथे मला जायचे नाही.

माझे मत स्पष्ट आहे. बाप्तिस्मा ही प्रभूची आज्ञा आहे, पण तारणाची अट नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या अपराध्याला "आज" सुखलोकाचे वचन मिळाले, तेव्हा त्याच्यावर पाण्याचा थेंबही पडलेला नव्हता. रोमी शताधिपती कर्नेल्याच्या घरी जमलेल्यांवर पवित्र आत्मा आधी उतरला आणि बाप्तिस्मा नंतर झाला. पौल तर करिंथकरांना लिहितो की, ख्रिस्ताने मला बाप्तिस्मा देण्यासाठी नव्हे, तर सुवार्ता सांगण्यासाठी पाठवले. तारण ज्यावर अवलंबून आहे ते कार्य पौलाने असे बाजूला ठेवले असते का?

भुसावळचा एक कॅथलिक वाचक:
आपल्या मामींचे दुःख मी जाणतो, तरीही आपला निष्कर्ष मला मान्य नाही. पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याशिवाय देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे प्रभूने निकदेमाला सांगितले. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या सणाच्या दिवशी, लोकांनी "आम्ही काय करावे?" असे विचारले, तेव्हा पेत्राने पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा ही दोन्ही एका दमात सांगितली, आणि आपल्या पत्रात तर बाप्तिस्मा तुमचे तारण करतो असेच तो लिहितो. अपराध्याचे उदाहरण येथे लागू होत नाही, कारण सर्व राष्ट्रांना बाप्तिस्मा देण्याची आज्ञा पुनरुत्थानानंतरची आहे.

आपल्या मांडणीचा पाया असा दिसतो की, बाप्तिस्मा हे माणसाचे कर्म आहे आणि तारण तर कृपेने होते. पण बाप्तिस्मा घेणारा स्वतः काय करतो? तो फक्त डोके वाकवतो. धुणारा देव असतो. केवळ विश्वासाने नीतिमान ठरण्याचा आग्रह धरणाऱ्या लूथरपंथीयांनीही १५३० च्या आउग्सबुर्ग कबुलीत, म्हणजे आपल्या विश्वासाच्या जाहीरनाम्यात, बाप्तिस्मा तारणासाठी आवश्यक म्हटला आहे, तो याच समजुतीने.

गिरणाकाठ:
पेत्राचे ते वाक्य पुढेही वाचावे, ही विनंती. शरीराचा मळ काढणे नव्हे, असे तो लगेच सांगतो आणि शुद्ध विवेकाकडे वळतो. शिमोन जादूगाराचा बाप्तिस्मा विधिपूर्वक झाला होता, तरी त्याचे अंतःकरण देवासमोर सरळ नाही, असे पेत्रानेच त्याला सुनावले. पाणी असून हृदय कोरडे राहू शकते, तर हृदय भिजलेले असून पाणी राहून गेले, असेही होऊ शकते.

नवापूरकर:
मी प्रोटेस्टंट आहे आणि गिरणाकाठ यांचे वचनांचे वाचन मला पटते. तरी "आवश्यक नाही" हे शब्द आमच्या भागात मी जपून वापरतो. ते ऐकले की माणसे बाप्तिस्मा वर्षानुवर्षे पुढे ढकलतात. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनपासून वेगळे होऊन 'देवाचा दरबार' उभा केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांनाही जागा दिली, हे खरे. पण १८९५ मध्ये घरदार दुरावण्याची वेळ आली असतानाही त्यांनी स्वतः बाप्तिस्मा चुकवला नव्हता.

भुसावळचा एक कॅथलिक वाचक:
मामांनी काही पुढे ढकलले नाही. पुढे ढकलले ते इतरांनी, आणि मला खरा आक्षेप तेथेच आहे. 'दिदाखे' या मंडळीच्या अगदी आरंभकाळातील लेखात म्हटले आहे की, वाहते पाणी घ्यावे, ते नसेल तर दुसरे घ्यावे, आणि तेही पुरेसे नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. आमच्याकडे मरण जवळ आलेले असेल, तर घरातील तांब्याभर पाण्याने कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. बाप्तिस्म्यावाचून तारण नाही असेही म्हणायचे आणि मे महिन्यात गिरणेला पाणी येण्याची वाटही पाहायची, हा विश्वासू माणसावर अन्याय आहे.

आता मामींच्या प्रश्नाविषयी. रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन याने मिलानचा बिशप अंब्रोज याच्याकडे बाप्तिस्मा मागितला होता, पण तो मिळण्याआधीच ३९२ मध्ये त्याचा मृत्यू झाला. त्याच्या बहिणींचे सांत्वन करताना अंब्रोज म्हणाला की, त्याने कृपा मागितली होती आणि जे मागितले ते त्याला मिळाले. बाप्तिस्मा आवश्यक मानणाऱ्या मंडळीचाच हा बिशप होता. आमच्या कॅथलिक बिशपांच्या त्रेंत परिषदेनेही १५४७ मध्ये नवजन्माचे स्नान "किंवा त्याची इच्छा" असे शब्द वापरले. देवाने तारण बाप्तिस्म्याशी बांधले, पण तो स्वतः बांधला गेलेला नाही, अशी आमची शिकवण आहे.

गिरणाकाठ:
इच्छाही पुरते असे म्हटल्यावर "आवश्यक" या शब्दात नेमके काय उरते, हे मला अजून समजलेले नाही, आणि त्यावर मी आपल्याशी पुढेही वाद घालीन. मात्र सम्राटाच्या बहिणींना दिलेले उत्तर मामींना आजच सांगायला हवे, आणि ते अहिराणीत कसे सांगावे याचा विचार करीत मी आता त्यांच्याकडे निघालो आहे.