मदत हवी आहे: आईची स्लीव्ह सर्जरी (वजन कमी करायला जठर कापून लहान करतात ते ऑपरेशन) झालीय, पुढे काय काय होतं?
आईच्या ऑपरेशनला आज 9 दिवस झाले, वजन 118 किलो होतं आणि शुगरचा त्रास पण होता. सध्या फक्त पातळ चालू आहे, वरणाचं पाणी, ताक, प्रोटीन पावडर, तेही छोट्या चमच्याने, चार घोट गेले की छातीत भरून येतं म्हणते आणि वाटी बाजूला सारते. डॉक्टरांनी रोज 60 ग्रॅम प्रोटीन सांगितलंय, ते पोटात जायचं कसं? तुमच्याकडे मऊ खिचडी कितव्या आठवड्यात सुरू केली? तिसऱ्या महिन्यापासून केस गळतात म्हणे, ते परत येतात ना? काल आम्ही जेवायला बसलो तर ती उठून गॅलरीत जाऊन बसली, मला घास गिळवेना. ज्यांच्या घरी झालंय त्यांनी प्लीज सांगा, अशा वेळी तुम्ही काय केलंत?