मदत हवी आहे: दात येणाऱ्या बाळाला लाकडी खेळणी द्यावीत का?

नमस्कार. मुलगी आठ महिन्यांची आहे, खालचे दात आलेत आणि हाताला लागेल ते थेट तोंडात जातं. आम्ही दादरला राहतो. आजेसासूबाईंनी गावाहून सावंतवाडीची लाकडी फळं पाठवलीत, शेजारच्या काकूंनी कर्नाटकातल्या चन्नपट्टणचा लाकडी खुळखुळा दिलाय. दोन्ही इतकी सुंदर आहेत! पण तिच्या हातात द्यायचा धीर होत नाही.

चन्नपट्टणला लाकूड यंत्रावर फिरत असताना त्यावर लाखेची कांडी दाबतात, घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते. त्याची मला कमी काळजी वाटते. फळं मात्र ब्रशने रंगवलेली आहेत. तो चकचकीत रंग ऑइल पेंट असेल तर? त्यात शिसं असेल तर? १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना आणि जीआय (भौगोलिक मानांकन मिळालेल्या) वस्तूंना त्यातून सूट आहे. म्हणजे मार्क नाही एवढ्यावरून काहीच ठरवता येत नाही.

मुंबईत घरगुती ग्राहकाला एखाद-दुसऱ्या खेळण्यातलं शिसं तपासून देणारी लॅब कुणाला माहीत आहे का? तुमच्या बाळांनी चावून रंगाचे पोपडे निघाले होते का? फळांचे बारीक देठ तर मी काढूनच ठेवलेत, घशात अडकायची भीती.

आणि बिनरंगाचं लाकडी टीदर (दात येताना चावायचं खेळणं) घेतलं, तर इथल्या पावसाळ्यात लाळेने भिजून त्याला बुरशी येते का? कसं पुसता, कुठे वाळवता? स्वतः वापरलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा.